तीन फोटोंचा एक फोटो

कॅमेरा माझा नव्हता, जावयाचा होता. त्यानं नवा घेतला आणि हा जुना, नवशिक्यांसाठी असतो तसला साधा, बरोबर आलेल्या एकाच लेन्ससकट काळ्या पिशवीत घालून माझ्या बायकोकडं दिला. "बाबांना विरंगुळा होईल," असा निरोप होता. बायको गणपतीला आठ दिवस रोह्याला आली होती. तिनं पिशवी कपाटावर ठेवली, माझे शर्ट इस्त्री केले, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ती परत बंगळूरला गेली.

मुळात ती गेली होती तीन महिन्यांसाठी. मुलीचं बाळंतपण, मग बाळ मान धरेपर्यंत, मग बसायला लागेपर्यंत, मग मुलीची रजा संपली म्हणून. असं करता करता दुसरं वर्ष लागलं. यात कुणाचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मीही जाऊन आलो होतो पंधरा दिवस. अकराव्या मजल्यावर घर. मुलगी एका खोलीत कॉम्प्युटरसमोर, जावई दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, आणि हॉलमध्ये बाळ, बाळाची आजी आणि मी. मी कुठल्याही खुर्चीत बसलो की कुणीतरी हळूच म्हणायचं, "बाबा, जरा इकडं सरकता? मीटिंगमध्ये मागं दिसताय." सोळाव्या दिवशी मी रोह्यात होतो.

धाटावच्या एका कंपनीत मी सगळी नोकरी कंट्रोल रूमला काढली. रिटायर झालो आणि दोन महिन्यांत बायको बंगळूरला गेली. म्हणजे इतकी वर्षं घरी राहायचं राहून गेलेला माणूस एकदाचा दिवसभर घरी राहायला आला, तर घरात कोणी नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"जेवलात का दुपारी?"

"जेवलो."

"काय केलंत?"

"भात आणि वालाचं बिरडं."

बिरडं मी केलेलं नसायचं. मागच्या गल्लीतल्या एका बाईंकडून डबा यायचा. वाल ही बायकोच्या माहेरची गोष्ट. ती खांब गावची, तिच्या भावांच्या शेतात भात काढला की वाल पेरतात. बिरडं म्हटलं की तिला बरं वाटायचं म्हणून मी बिरडं म्हणायचो. खरं सांगून काय होणार होतं? ती तिथून येऊन भाकरी थापणार नव्हती.

कॅमेरा मी दिवाळीनंतर खाली काढला. पहिला फोटो काढला तो आमच्या मागच्या खिडकीचा. आमची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून कुंडलिका नदी दिसते, पलीकडं अष्टमी गावाची घरं. मला खिडकी, खिडकीतली नदी आणि अलीकडची खोली असं सगळं एकात हवं होतं. डोळ्यांना तर ते दिसत होतं. फोटोत मात्र खोली आली तर खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन यायचा, आणि नदी आली तर खोलीच्या जागी काळोख. मी वीस-पंचवीस फोटो काढले. कॅमेरा बिघडलाय असंच मी धरून चाललो होतो.

मग मोबाईलवर एक हिंदी व्हिडिओ सापडला. त्यातला मुलगा फार भरभर बोलत होता, पण त्याचं एक वाक्य मला तिथल्या तिथं कळलं. कॅमेऱ्याची रेंज कमी असते, म्हणाला. रेंज म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. टाकीवर शून्य ते दहाचा गेज असेल आणि आत बारा झालं, तर काटा दहावर जाऊन टेकतो. बारा झालं की पंधरा, ते त्याच्याकडून कळत नाही. खिडकीतला उजेड माझ्या कॅमेऱ्याच्या काट्याच्या पुढं जात होता आणि खोलीतला काळोख त्याच्या शून्याच्या खाली. उपाय असा की एकाच जागेवरून एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे. एक बाहेरच्या उजेडाचा, एक मधला, एक आतल्या काळोखाचा. मग लॅपटॉपवर तिघांचा मिळून एक करायचा. याला एचडीआर म्हणतात.

महागड्या कॅमेऱ्यात हे तीन फोटो एका दमात निघायची सोय असते. माझ्यात नव्हती. प्रत्येक फोटोला हातानं चाक फिरवून वेळ बदलायचा. बाहेरच्यासाठी सेकंदाचा दोनशेवा भाग, मधल्यासाठी तिसावा, आतल्यासाठी पाव सेकंद. बाकी काही बदलायचं नाही. फोकस हातानं एकदा लावून सोडून द्यायचा, नाहीतर कॅमेरा दर वेळी आपल्या मनानं तो हलवतो. बटण दाबल्याचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. आणि कॅमेरा हलता कामा नये, म्हणून तिपाई. पेणच्या एका स्टुडिओवाल्याकडं त्याची जुनी तिपाई पडून होती, ती मला मिळाली. एक पाय जरा सैल होता, त्याला मी चिकटपट्टी गुंडाळली.

आठवड्याभरानं माझ्या एकाच फोटोत खोली आली, खिडकीचे गज आले, नदी आली आणि अष्टमीच्या घरांची कौलंही आली. मी तो बायकोला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. थोड्या वेळानं लिहिलं, "छान. बाळ झोपत नाहीये."

त्या हिवाळ्यात मी स्कूटर घेऊन पुष्कळ फिरलो. एक गोष्ट लवकरच लक्षात आली की तीन फोटो काढायला दहा-पंधरा सेकंद जातात आणि तेवढ्यात जे हलतं त्याची भुतं होतात. घाटावर धुणं धुणाऱ्या बाईला चार हात आले. एसटी अर्धी आली, तिच्यातून पलीकडचं झाड दिसत होतं. एक कुत्रा तीन ठिकाणी बसला. म्हणून मी न हलणाऱ्या गोष्टी शोधायला लागलो. बंद पडलेली भातगिरणी, चिखलात रुतलेली होडी, सुट्टीच्या दिवशीची शाळा. जिथं माणूस नाही अशी जागा. घरातून बाहेर पडायचं ते माणसं नसतील तिथं जायला, आणि परत घरी यायचं तर तिथंही माणूस नाही. दिवसभरात मी डबेवाल्या बाईंशी "ठेवा" एवढंच बोललोय असेही दिवस गेले.

गडबच्या पुढं, हायवे सोडून खाडीकडं एक रस्ता जातो. त्या टोकाला जुनं मिठागर आहे. आता तिथं मीठ काढत नाहीत. बांधाला खांड पडून भरतीचं पाणी आत आलं, पलीकडची भातशेतीही खारी झाली, तिथं तिवरं उगवलीत. पण मिठागराचे चौकोन अजून ओळखू येतात, आणि उतरत्या उन्हात त्यांतलं पाणी असं चमकतं की साध्या फोटोत ते कधीच येणार नाही. मी तिथं तिपाई लावून वाकून बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मोजणीवाले काय?"

मागं एक म्हातारा उभा होता. ऐंशीच्या आसपासचा, कमरेला पंचा, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. दोन्ही हात पाठीमागं धरलेले.

"नाही बाबा, फोटो काढतोय."

"तीन पायांवर?"

"हलू नये म्हणून."

"हितं कोण हाय हलायला?" तो म्हणाला. मग तिपाईकडं आणखी थोडा वेळ बघून म्हणाला, "मागं असंच तीन पाय घेऊन आलेले. मोजून गेले, मंग काय आले नाय."

माझे तीन फोटो होईपर्यंत तो बांधावर बसून राहिला. मी सामान आवरायला लागलो तसा उठला. "चा घे चल. दूध नाय."

त्याचं घर बांधाला लागूनच होतं. पुढं एक खोली, मागं चूल. जन्म त्याचा मिठागरात गेला होता. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगा पनवेलला कंपनीत होता, दर पंधरा दिवसांनी येऊन जायचा. हे सगळं त्यानं चहा होईपर्यंत सांगितलं. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो आणि समोर बघत होतो. घरात काळोख, समोर उघडं दार, आणि दारात सगळं मिठागर उजेडात उभं.

"बाबा, तुमचा इथून एक फोटो काढू? तुम्ही उंबऱ्यावर बसा."

"माझा? कशाला?" असं म्हणाला, पण उठून पंचा नीट केला. मग म्हणाला, "काढ. पोराला देतो. त्याला घर पाडून स्लॅबचा बांधायचा हाय."

तो उंबऱ्यावर बसला आणि हात मांडीवर ठेवले, तेव्हा मला दिसलं की तो हात पाठीमागं का धरत होता. दोन्ही हात थरथरत होते. डावा जास्त.

"हलायचं नाही हं बाबा."

"मी नाय हलत. हात हलतंय."

मी तीन फोटो काढले. तो श्वास धरून बसला होता. शेवटच्या पाव सेकंदाच्या फोटोनंतर त्यानं मोठा सुस्कारा सोडला आणि दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी मी कुणाबरोबर हसलो होतो.

घरी येऊन तिन्ही फोटो एकत्र केले तर म्हाताऱ्याला हातच नव्हते. मांडीवर धुराचे दोन पुंजके तेवढे होते, चेहऱ्यालाही दोन कडा. मी चार दिवस त्याच कामाला लागलो. व्हिडिओ पाहून शिकलो की माणूस एकाच फोटोतला घ्यायचा, बाकीच्या दोघांतला पुसून टाकायचा. मधल्या फोटोत त्याचे हात बरे आले होते. ते घेतले, चेहरा थोडा उजळला. दारातून मिठागराचा एकेक चौकोन आला. मग आतला काळोख मी हळूहळू वर उचलला आणि खोली दिसायला लागली. भिंतीवर खाऱ्या पाण्याची कमरेएवढी ओल, दोरीवरचे कपडे, मीठ ओढायचं लाकडी अवजार कोपऱ्यात टेकवलेलं, खाट, खाटेखालचं सामान. सगळं. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. पेणच्या त्या स्टुडिओतून मोठ्या आकाराची प्रत काढून घेतली आणि रविवारी सकाळीच निघालो.

म्हाताऱ्यानं प्रत दारात, उजेडाला धरली. आधी मिठागरावरून बोट फिरवलं. "ह्यो आमचा. ह्यो पण आमचा." मग स्वतःकडं बघून म्हणाला, "म्हातारा झालो रं." हातांकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे हे चांगलं केलंस. मग त्याचं बोट खाली खाटेपाशी गेलं आणि थांबलं.

"ही बादली."

खाटेखाली एक निळी बादली होती. मी ती लॅपटॉपवर चार दिवस बघत होतो, पण माझ्या मनात तिचा वेगळा विचार आला नव्हता.

"ती काळोखात होती. तुला कशी दिसली?"

"कॅमेऱ्याला दिसली, बाबा."

"मी तुला घरात घेतला. चा पाजला. माझ्या खाटंखालचा काढ म्हणून सांगितला काय मी?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तो खाली बसला आणि फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. मग, माझ्याकडं न बघता, त्यानं सांगितलं. रात्रीचं त्याला बाहेर जाववत नाही. पाय भरवशाचे राहिले नाहीत. म्हणून बादली. मुलगा यायच्या दिवशी ती धुऊन मागं ठेवतो, वर जुनी जाळी टाकतो. "पोराला वाटतंय बापूस ठणठणीत हाय."

"आणि कळलं तर?"

"तर नेल. पनवेलला, चौथ्या माळ्यावर. तिथं मी काय करू, सांग?"

तिथं माणूस काय करतो ते मला चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "दुसरा करून आणतो."

दुसरा करायला पाच मिनिटं लागली. खाटेकडचा कोपरा होता तसा काळा राहू दिला. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, पहिला भारी होता की. काळोखातलं सगळं दिसत होतं." मी म्हटलं, "तेच नको आहे." दुसरी प्रत म्हाताऱ्याला आवडली. त्यानं ती भिंतीवर खिळा मारून लावायला सांगितली. पहिली मी घरी आणून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. फाडवली नाही.

त्यानंतर महिना गेला असेल. एका संध्याकाळी फोनवर बायको म्हणाली, "तुम्ही जगाचे फोटो काढता. आपल्या घराचा काढा की एक. बघावंसं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी मी ते काम मनावर घेतलं. बाहेरची खोली, मागची खिडकी, खिडकीत नदी. पहिल्या वेळी काढला तोच फोटो, पण तेव्हा कोपरे काळेच राहिले होते, आता मला येत होतं. या वेळी तीन नाही, पाच काढले. दुपारी तीनचं ऊन नदीवर होतं, ते जराही पांढरंफटक झालं नाही. घरातले कोपरेसुद्धा स्वच्छ आले, कुठं काळा डाग नाही, कुठं काळोखात येतात तसले रेतीसारखे दाणे नाहीत. मी तो मोठ्या अभिमानानं पाठवला आणि अंगठ्याची वाट बघत बसलो.

अंगठा आला नाही. तासाभरानं फोन आला, तिच्या नेहमीच्या वेळेच्या आधी.

"अहो, खाट बाहेरच्या खोलीत का?"

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही बाहेर झोपता?"

"टीव्ही बघता बघता झोप लागते, म्हणून."

"आतल्या खोलीच्या दाराला खुर्ची लावलीय. खुर्चीवर पेपरांचा ढीग. म्हणजे आत तुम्ही जातच नाही." ती मोबाईलवर बोटांनी मोठं करून करून बघत होती, हे मला तिच्या आवाजावरूनही कळत होतं. "डब्याच्या पिशव्या आहेत खिडकीखाली. दहा तरी असतील. बिरडं कोण करतंय मग? तुमच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं फोडलेलीसुद्धा नाहीत. आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. सव्वाआठ वाजलेत त्यात."

मी वळून बघितलं. घड्याळ खरंच बंद होतं. कधीपासून, कोण जाणे.

"तुम्ही मला रोज खोटं सांगत होतात."

"खोटं नाही गं. सांगण्यासारखं काही नव्हतं."

पलीकडं नळ सुटल्याचा आवाज आला. मला वाटलं, चिडून फोन बाजूला ठेवला आणि कामाला लागली. मग ऐकू आलं की ती रडतेय, आणि कुणी ऐकू नये म्हणून नळ सोडून रडतेय.

"मी काय सगळं सांगते का तुम्हाला?" ती म्हणाली. "इथं मी दिवसभर त्या बाळाशी बोलते. त्याला काय कळतंय? लिफ्टमध्ये एक बाई भेटते, तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. आम्ही नुसत्या हसतो. पोरीला सांगितलं तर तिला वाटेल आई कंटाळली. मग ती बाळाला पाळणाघरात ठेवील आणि स्वतःला दोष देत बसेल."

त्या दिवशी आम्ही दीड तास बोललो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सलग दीड तास आम्ही कधी बोललो असू असं मला आठवत नाही. मी तिला सगळं सांगितलं. आतल्या खोलीत तिची उशी बघवत नाही म्हणून खाट बाहेर आणली, हेही सांगितलं. त्या म्हाताऱ्याचंही सांगितलं, बादलीचं.

"आणि तुम्हाला तुमचीच बादली दिसली नाही?" ती म्हणाली. नाकानं हसली थोडी.

खरंच दिसली नव्हती. मी फोटोत नदी बघत होतो.

मुलीनं रजा काढली आणि बायको वीस दिवसांसाठी आली. आली त्या दिवशी तिनं खुर्ची बाजूला केली, आतली खोली झाडली. मी घड्याळात सेल घातला. संध्याकाळी तिनं खरंच बिरडं केलं आणि मी जेवत असताना समोर बसून बघत राहिली. बोलायचं सगळं फोनवर बोलून झालं होतं. आता समोरासमोर जरा अवघडल्यासारखं व्हायचं. ती बाळाचं सांगायची, मी फोटोंचं. पण अवघडलेली का होईना, ती घरात होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "तुमच्या त्या बाबांकडं जाऊया." भिसे खिंडीतून स्कूटरवर आम्ही दोघं गेलो. दार उघडं होतं. म्हातारा खाटेवर पडून होता, कपाळावर पट्टी, मनगटाला बँडेज. माझ्या मागं बायको बघून तो उठायला लागला.

"ये गो बाय, ये. बस. घर असाच हाय."

"उठू नका बाबा," म्हणत ती सरळ चुलीकडं गेली आणि चहा टाकला. घरून आणलेली दुधाची पिशवी तिच्या हातात होती.

तो मागच्या वाटेवर पडला होता. मुलगा येणार होता त्या सकाळी, हातात बादली घेऊन, ती लपवायला जाताना. तासभर तसाच पडून होता. मुलानं येऊन उचललं.

"मंग मीच सांगितला त्याला सगळा," तो म्हणाला. "किती दिवस लपवू? पोरगा रडला. रविवारी न्यायला येतोय."

बायकोनं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि चहा सांडू नये म्हणून खालून आपला हात धरून ठेवला. चहा संपेपर्यंत काढला नाही. मग म्हातारा भिंतीवरच्या फोटोकडं बघत मला म्हणाला, "तो दुसरा हाय काय तुझ्याकडं? उजेडाचा?"

"आहे."

"तो दे मला. आता लपवायचा काय राहिला? नेतोय तर सगळा घर नेतो."

दुसऱ्याच दिवशी मी एकटा जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रत त्याला देऊन आलो. त्यानं ती जवळ घेऊन एकेक वस्तू बघितली. दोरी, कपडे, त्याच्या वारलेल्या बायकोच्या हातचं म्हणून ठेवलेलं ते लाकडी अवजार, भिंतीची ओल. बादलीपाशी थांबला आणि पुढं गेला. मग फोटो उशीखाली सरकवला. मी निघताना म्हणाला, "पनवेलला आलास तर ये." पत्ता त्याला माहीत नव्हता. मुलाचा नंबर मी घेतला.

बायकोचे वीस दिवस संपले. तिला पनवेलला गाडीत बसवून, म्हाताऱ्याकडं न जाताच, मी एसटीनं परत आलो. वाटेत गडबला गाडी थांबली, भाजीच्या पाट्या घेऊन दोन बाया चढल्या आणि मोठमोठ्यानं बोलत राहिल्या. त्यांचं बोलणं नागोठण्यापर्यंत मी कान देऊन ऐकलं. त्या उतरल्यावर उरलेल्या वाटेत काहीच नव्हतं. घरी आलो, दिवा लावला. तिनं जाताना भाजी करून ठेवली होती. ती गरम न करताच खाल्ली.

ती पुन्हा कधी येईल ते नक्की नाही. बाळ शाळेत जाईपर्यंत तरी असंच चालणार, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी एकदा त्या म्हाताऱ्याच्या मुलाला फोन केला होता. बाबा बरे आहेत, म्हणाला, गॅलरीत बसलेले असतात. त्यांना फोन दिला तर ते नुसतं "हां, हां" म्हणत राहिले. ऐकू येत नव्हतं बहुतेक, किंवा ओळख लागली नसेल. मी पुन्हा केला नाही.

फोटो मी अजून काढतो, पण आता काढताना तिथं कोणी असेल तर ते जायची वाट बघत थांबत नाही. भुतं होतात ती होऊ देतो, जमली तर पुसतो.

परवा संध्याकाळी बायकोचा फोन आला. "काय करताय?"

"काही नाही. कंटाळा आलाय."

"मलाही," ती म्हणाली. तिच्याकडं कुकरची शिटी झाली, बाळ काहीतरी ओरडलं, ती उठून गेली असावी. फोन तिनं ओट्यावर तसाच ठेवला होता. भांड्यांचा आवाज येत होता. मी कानाला लावून बसून राहिलो.